स्तनच्छेदानंतर



घरोघरीं ज्या दुखण्याचें नांव अजूनहि आवाज उतरवून घेतलें जातें, त्या दुखण्याच्या एका अंगाविषयीं आज बोलावयाचें मीं योजिलें आहे. स्तनाचा कर्करोग हा भारतांतील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज पहिल्या क्रमांकाचा झाला आहे. एकट्या २०२२ सालीं आपल्या देशांत सुमारें १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्यानें जडला, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यांपैकीं पुष्कळजणींना स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. रोग कसा ओळखावा आणि त्यावर उपचार कोणते करावे, हें सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. तो मी त्यांच्याकडेच राहूं देतें. माझा विषय त्याच्या पुढचा आहे. शस्त्राचें काम संपतें, टाके निघतात, जखम भरून येते, आणि एके दिवशीं ती स्त्री न्हाणीघरांत आपल्याच देहाकडे पाहते. जेथें स्तन होता तेथें आतां सपाट कातडी आणि तीवर एक आडवा व्रण असतो. या जागेचें पुढें काय करावयाचें, हा माझा विषय.

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरें दिलीं जातात. एक असें, कीं दुसरी शस्त्रक्रिया करून नवा स्तन घडवून घ्यावा. दुसरें असें, कीं कृत्रिम स्तन वस्त्राच्या आंत बाळगावा. तिसरेंहि एक उत्तर आहे. छाती जशी झाली तशीच ठेवावी आणि पुढच्या कामाला लागावें. हें तिसरें उत्तर डॉक्टरांच्या खोलींत किंवा घरच्या ओसरीवर फारसें कोणी उच्चारीत नाहीं. तें उच्चारलें जावें, एवढ्याचसाठीं आजचें हें भाषण.

आधीं थोडा इतिहास सांगितला पाहिजे. युरोपांत भूल देण्याची विद्या अवतरण्यापूर्वीं, ३० सप्टेंबर १८११ रोजीं, फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकर्त्रीचा स्तन पॅरिस शहरांत कापून काढण्यांत आला. शस्त्र चालविणारा लारे हा नेपोलियनच्या सैन्यांतील नामांकित शस्त्रवैद्य होता. वेदना सोसण्यासाठीं बाईला मिळालें तें पेल्यांतील थोडेसें मद्य. पुढें कांहीं महिन्यांनीं आपल्या बहिणीला लिहिलेल्या लांबलचक पत्रांत तिनें ती सारी हकीकत नमूद करून ठेविली. त्यानंतर ती २८ वर्षें जगली. १८१४ सालीं तिची आणखी एक कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १८४० सालीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, तिला मृत्यु आला. नवा स्तन घडविण्याची कला त्या काळीं नव्हती. तेव्हां त्या बाईनें इतकें आयुष्य काढलें आणि लेखन केलें तें सपाट छातीनेंच.

पुढें १८९४ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयाचे विल्यम हॉल्स्टेड यांनीं आपल्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायु आणि काखेंतील ग्रंथि हें सर्व एकत्र काढून टाकावयाचें, अशी त्यांची पद्धति होती. बरगड्या कातडीखालीं उघड्या दिसत आणि हात सुजून जड होई. तरीहि पाऊणशें वर्षें तीच पद्धति प्रमाण मानली गेली. एवढें कापणें खरोखर जरूर आहे काय, असें विचारून त्याचा कसोशीनें शोध घेणारे मुख्यतः दोघे, अमेरिकेंत बर्नार्ड फिशर आणि इटलींत उंबेर्तो व्हेरोनेसी. लहान गांठ असतां तेवढीच काढून मग किरणोपचार केले तरी स्त्री तितकींच वर्षें जगते, हें त्यांच्या प्रयोगांनीं ठरलें. वीस वर्षांच्या पाहणीनंतरहि तोच निष्कर्ष २००२ सालीं कायम राहिला. म्हणून ज्या बहिणीवर हा प्रसंग येईल तिनें डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, सबंध स्तन काढणें माझ्या बाबतींत जरूर आहे काय? ज्यांच्या बाबतींत तें जरूर ठरतें, त्यांच्यासाठीं पुढचें सर्व बोलणें आहे.

आणखी एक गोष्ट या इतिहासांत ध्यानांत धरण्याजोगी आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेंत अशी वहिवाट होती कीं, गांठ तपासण्यासाठीं म्हणून बाईला भूल द्यावयाची, आणि गांठ वाईट निघाली तर तिला न जागवितां त्याच बैठकींत स्तन काढून टाकावयाचा. भूल उतरे तेव्हां तिला कळे कीं आपला स्तन गेला. रोझ कुश्नर या पत्रकार बाईंनीं १९७४ सालीं स्वतःवर हा प्रसंग आला असतां ही वहिवाट मानण्याचें नाकारलें आणि पुढें तिच्याविरुद्ध मोठी चळवळ उभारली. देह माझा आहे, त्याचें काय करावयाचें तें मी शुद्धींत असतांना मला विचारा, एवढीच त्यांची मागणी होती. आजचा आपला प्रश्न त्याच मागणीचा पुढला भाग आहे.

आतां नवा स्तन घडविण्याविषयीं. १९६२ सालीं टेक्सासमधील ह्यूस्टन शहरीं क्रोनिन आणि गेरो या दोन शस्त्रवैद्यांनीं सिलिकोनची पिशवी छातींत बसविण्यास प्रारंभ केला. १९८२ सालीं हार्ट्रॅम्प्फ यांनीं पोटावरील कातडी व मेद रक्तवाहिन्यांसह छातीवर आणून स्तन घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. ही विद्या थोर आहे, यांत शंका नाहीं. ज्या भगिनींनीं तिचा आश्रय केला आणि ज्यांना त्यांत समाधान लाभलें, त्यांचें समाधान मी पूर्णपणें खरें मानतें. आरशांत पूर्वीचा देह पाहून एखादीला उभारी येत असेल, तर तिला नांवें ठेवण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं.

परंतु या विद्येचें मोल काय पडतें, तेंहि कोणी सांगितलें पाहिजे. अमेरिका व कॅनडा येथील ११ वैद्यकीय केंद्रांतील दोन हजारांहून अधिक स्त्रियांची, पुनर्रचनेनंतर दोन वर्षेंपर्यंत, पाहणी करण्यांत आली. तिचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत सुमारें एकतृतीयांश स्त्रियांना कांहीं ना कांहीं उपद्रव झाला, आणि दर पांचजणींत जवळ जवळ एकीला त्या उपद्रवापायीं पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावें लागलें. सिलिकोनची पिशवी जन्मभर टिकेल अशी हमी नसते. वर्षें लोटल्यावर ती काढावी किंवा बदलावी लागण्याचा संभव असतो. किरणोपचार झालेल्या छातींत तिच्याभोंवतीं कठीण वेष्टण धरण्याची भीति अधिक असते. खरखरीत पृष्ठाच्या कांहीं पिशव्या एका विरळ जातीच्या कर्करोगाशीं संबंध आढळल्यावरून २०१९ सालीं बाजारांतून परत घेण्यांत आल्या, आणि २०२१ सालीं अमेरिकन सरकारच्या औषध-खात्यानें अशा सर्व पिशव्यांवर ठळक चौकटींत इशारा छापण्याची सक्ती केली. पोटावरच्या मांसाची शस्त्रक्रिया कित्येक तास चालते आणि पोटावर दुसरा मोठा व्रण ठेवून जाते. एवढें करून घडलेला स्तन दुसऱ्यास दिसतो, पण जिचा तो आहे तिला बहुधा पूर्वीसारखा जाणवत नाहीं; स्पर्शाची संवेदना पुरतेपणीं परत येणें दुर्मिळ आहे. आणि मुख्य गोष्ट ही कीं, पुनर्रचना केल्यानें रोग बरा होण्यास मदत होते असें नाहीं, व न केल्यानें अडतें असेंहि नाहीं. हा प्रश्न औषधाचा नाहीं. तो त्या स्त्रीच्या पसंतीचा आहे.

पसंतीचा म्हटला म्हणजे तो सोपा झाला असें मात्र नाहीं. माझी स्वतःची हकीकत येथें थोडक्यांत सांगतें. माझा डावा स्तन काढण्याचें ठरलें तेव्हां माझें वय ५३ होतें. ज्या शस्त्रवैद्यांकडे मी प्रथम गेलें ते आपल्या कामांत निष्णात होते. त्यांनीं मला पिशव्यांचे प्रकार दाखविले, पोटावरच्या शस्त्रक्रियेचीं चित्रें दाखविलीं. मला यांतलें कांहींच नको, असें मीं सांगितलें तेव्हां ते म्हणाले, “बाई, तुमचें वय कांहीं फार झालेलें नाहीं. पुढें पस्तावाल. यजमानांना विचारून या.” मीं म्हटलें, “डॉक्टरसाहेब, माझा हात काढावयाचा असता तर आपण मला यजमानांना विचारावयास धाडलें असतें काय?” ते हंसले, परंतु जातांना पुन्हा म्हणाले, “विचारून या.”

घरीं येऊन मीं ह्यांना विचारलें. कांहीं वेळ हे बोललेच नाहींत. मग म्हणाले, “तूं सात तास आंत असणार आणि मी बाहेर बांकावर. जेवढें जिवासाठीं लागेल तेवढें एकदां होऊं दे. त्याहून अधिक माझ्यासाठीं म्हणून करूं नकोस.” सासूबाई तेव्हां ८१ वर्षांच्या होत्या. आमचें बोलणें त्यांच्या कानांवर गेलेंच होतें. त्या म्हणाल्या, “अग, माझ्या तोंडांत एक दांत उरला नाहीं. कवळी मी जेवतांना लावतें, कारण तिचा उपयोग आहे. दिवसभर कोणाला दाखवायला लावूं?” मोठमोठ्या ग्रंथांतून मला जें मिळालें नसतें तें या दोघांच्या चार वाक्यांत मिळालें. पुढें मी दुसऱ्या शस्त्रवैद्यांकडे गेलें. त्यांनीं माझें म्हणणें ऐकून घेतलें, कागदावर आकृति काढून व्रण कोठें व कसा येईल तें दाखविलें, आणि तसेंच केलें.

ही आकृति काढून दाखविण्याची गोष्ट क्षुल्लक नाहीं. छाती सपाट ठेवणें म्हणजे स्तन काढून उरलेली कातडी कशीबशी शिवून टाकणें नव्हे. स्तनाच्या तळाशीं जी घडी असते ती मोकळी करावी लागते, जास्तीची कातडी व मेद काढावा लागतो, काखेच्या बाजूला मांसाचा गोळा लोंबत राहूं नये अशी काळजी घ्यावी लागते. हें कसबाचें काम आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग-संस्थेनें आपल्या शब्दकोशांत अशा सुबक, सपाट शिवणीसाठीं स्वतंत्र संज्ञा २०२० सालीं दाखल केली. त्यामागें त्या देशांतील अनेक स्त्रियांची तक्रार होती. सपाट छाती हवी असें स्पष्ट सांगूनहि शस्त्रवैद्यांनीं, ‘पुढें बाईचें मन बदलेल’ असें मनांत धरून, कातडीच्या सैल पिशव्या तशाच ठेवून दिल्या होत्या. कॅलिफोर्नियांतील डॉक्टर डिॲना अटाई आणि त्यांचे सहकारी यांनीं असा मार्ग पत्करलेल्या ९३१ स्त्रियांना प्रश्न विचारून २०२१ सालीं त्यांचीं उत्तरें प्रसिद्ध केलीं. त्यांपैकीं शेंकडा ७४ स्त्रिया शस्त्रक्रियेच्या परिणामाबद्दल समाधानी होत्या. परंतु शेंकडा २२ स्त्रियांना आपल्या या निर्णयास डॉक्टरांकडून विरोध वा उपेक्षा सोसावी लागली होती. अशा स्त्रियांच्या मंडळांतूनच हीं उत्तरें मुख्यतः जमविलेलीं असल्यानें तीं सर्वांनाच लागू पडतील असें मी म्हणत नाहीं. तरीपण अशा निर्णयानंतर पश्चात्ताप ठरलेलाच, हें जें डॉक्टर गृहीत धरतात तें या आंकड्यांपुढें टिकत नाहीं.

या निर्णयाची बाजू सर्वांत स्पष्टपणें मांडली ती न्यूयॉर्कच्या कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनीं. १९७८ सालीं त्यांचा उजवा स्तन काढण्यांत आला आणि १९८० सालीं त्यांनीं त्या अनुभवावर ‘द कॅन्सर जर्नल्स’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत त्या डॉक्टरांकडे कृत्रिम स्तन न लावतां गेल्या. तेव्हां तेथील परिचारिकेनें त्यांना सांगितलें कीं, अशानें येथें येणाऱ्या इतर स्त्रियांचें धैर्य खचतें. लॉर्ड यांना याचें नवल वाटलें. स्तन गेलेल्या स्त्रिया जेथें येतात, तेथेंच स्तन गेलेला दिसूं नये! त्यांनीं इस्राएलच्या मोशे दायान यांचें उदाहरण दिलें आहे. या सेनानीचा एक डोळा युद्धांत गेला होता आणि ते काळी पट्टी बांधून जगभर वावरत. कांचेचा डोळा बसवून या, आमचें मन दुखतें, असें त्यांना कोणी म्हटलें नाहीं. आपल्याकडेहि महाराजा रणजितसिंगांचा एक डोळा लहानपणीं देवीच्या रोगानें गेला होता. म्हणून त्यांच्या दरबाराचा रुबाब कमी झाला नाहीं. पुरुषाच्या अंगावरचा व्रण आपण इतिहासांत कौतुकानें लिहितों, आणि स्त्रीच्या अंगावरचा व्रण पदराखालीं झांकावयास सांगतों. दोघांनींहि मृत्यूशींच झुंज घेतलेली असते.

आपल्या समाजाला या गोष्टीचा एक जुना अनुभव आहे. आपल्याकडील कांहीं जातींत एके काळीं नवरा वारल्यावर बाईचे केस उतरवीत. तिचें दुःख चारचौघांना दिसलेंच पाहिजे, असा तेव्हां लोकांचा हट्ट होता. आज स्तन गेलेल्या बाईचें दुःख चारचौघांना दिसतांच कामा नये, असा लोकांचा हट्ट आहे. वरवर पाहतां हे दोन हट्ट एकमेकांच्या अगदीं उलट आहेत. परंतु दोहोंतहि बाईच्या देहावर काय असावें आणि काय नसावें हें पाहणाऱ्यांच्या सोयीनें ठरतें, आणि बाईला कोणी विचारीत नाहीं. पहिली चाल मोडावयास आपल्या आज्या-पणज्यांना फार सोसावें लागलें. दुसरी मोडावयास इतकें सोसावें लागणार नाहीं. एकमेकींना नुसतें खरें सांगितलें तरी पुष्कळ होईल.

खरें सांगावयाचें तर अडचणीहि सांगितल्या पाहिजेत. एकाच बाजूचा स्तन गेला म्हणजे वजनाचा तोल थोडा ढळतो, आणि ती बाजू वर ओढून चालण्याची संवय लागते. त्याला खांद्याचा व्यायाम नेमानें करावा लागतो. छातीची कातडी पुष्कळ दिवस बधिर असते, आणि गेलेल्या जागीं कधीं कधीं खाज सुटल्याचा भास होतो. खाजवावें तर तेथें कांहींच नसतें. शिंप्याकडे गेलें म्हणजे कटोरीचें पोलकें शिवावयाचें कीं साधें, याचा खुलासा करावा लागतो, आणि पहिल्या वेळीं तो खुलासा करतांना जीभ अडखळते. हळदीकुंकवाला गेलें असतां समोरच्या बाईची नजर क्षणभर खालीं जाऊन वर येते. तीहि सोसावी लागते. माझ्याजवळ सुती दोऱ्यानें विणलेला एक हलका कृत्रिम स्तन आहे. कधीं एखाद्या लग्नकार्यांत साडी नीट बसावी म्हणून मी तो लावतें आणि घरीं आल्यावर काढून ठेवतें. त्यांत मला विसंगति वाटत नाहीं. सासूबाईंची कवळी आणि हा, दोघेहि एकाच न्यायानें चालतात. नवरा-बायकोच्या एकांतांतहि पहिले दिवस अवघड असतात. त्याविषयीं मी इतकेंच म्हणेन कीं, व्रणाकडे पाहण्याचें दोघांनींहि टाळलें तर तो मोठा होतो, आणि दोघांनीं मिळून पाहिला तर तो व्रणाएवढाच राहतो.

आणखी एक. हा मार्ग पत्करला म्हणजे दुसरा कायमचा बंद झाला, असें नाहीं. शस्त्रक्रियेनंतर कांहीं वर्षांनीं पुनर्रचना करवून घेणाऱ्या स्त्रिया आहेत. म्हणून रोगाच्या धक्क्यांत, आठवडाभरांत, सर्व कांहीं ठरविलेंच पाहिजे असें नाहीं. मात्र शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टरांना चार गोष्टी निःसंकोच विचाराव्या. सबंध स्तन काढणें अटळ आहे काय? मला छाती सपाट हवी असल्यास आपण ती सुबकपणें शिवाल काय, आणि पूर्वीं आपण शिवलेल्या छातीचीं छायाचित्रें मला पाहावयास मिळतील काय? किरणोपचार द्यावे लागले तर कोणत्या मार्गांत कोणता धोका आहे? आणि माझें मन पुढें बदललें तर मला काय करतां येईल? उत्तरें मिळाल्यावर आपला निर्णय संमतिपत्रावर स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावा. भूल दिल्यानंतर बाईला बोलतां येत नाहीं. तेव्हां तो कागदच तिच्या वतीनें बोलतो.

घरांतील मंडळींसहि एक विनंती आहे. ती आजारी बाई पुनर्रचना करणार असेल तर ‘या वयांत ही हौस कशाला?’ असें तिला म्हणूं नका. करणार नसेल तर ‘लोक काय म्हणतील?’ असें म्हणूं नका. दोन्ही वाक्यांनीं तिचा निर्णय तिच्या हातून काढून घेतला जातो, आणि रोगानें तिच्या हातून आधींच पुष्कळ काढून घेतलेलें असतें.

कोणी म्हणेल, जीव वांचला हें पुरे नाहीं काय? छातीच्या आकाराची एवढी चर्चा कशाला? ती अशासाठीं कीं, या आकाराच्या लाजेपायीं जीवहि जातात. आपल्या देशांत या रोगाच्या फार मोठ्या संख्येच्या स्त्रिया रोग पुष्कळ पुढें गेल्यावरच डॉक्टरांकडे येतात. त्याला गरिबी कारण आहे, अज्ञान कारण आहे, दवाखाना दूर असणें हेंहि कारण आहे. पण हाताला गांठ लागलेली असतांना, तिचा अर्थ ठाऊक असतांना, ‘स्तन काढतील आणि मग मी कोणाची उरणार नाहीं’ या भीतीनें महिनोन् महिने गप्प बसणाऱ्या स्त्रियाहि आहेत, आणि त्या सुशिक्षित घरांत आहेत. बहुतेक वेळां ती गांठ दुखत नाहीं, म्हणून गप्प बसणें सोपें जातें. स्तन गेल्यावरहि नोकरी करणारी, स्वयंपाक करणारी, नातवंडांना मांडीवर घेणारी, नवऱ्याशीं भांडणारी अशी एखादी बाई त्यांच्या ओळखीची असती, आणि तिची सपाट छाती तिनें लपविली नसती, तर त्यांतील कांहींजणी वेळेवर आल्या असत्या, असें मला वाटतें. आपल्या घरांतील एखादी बाई आज अशी गप्प असेल, तर तिला हें सांगा, आणि तिच्याबरोबर उद्यां सकाळीं डॉक्टरांकडे जा.